पान पारदर्शक झालं, पण आतलं दिसतंय का? द्राक्षाच्या पानावर टिश्यू क्लिअरिंग बसवताना

टिश्यू क्लिअरिंग म्हणजे आतली रचना दिसावी म्हणून ऊतक पारदर्शक करणं. ते करणाऱ्या बहुतेकांचा पहिला फोटो एकसारखाच असतो: ग्राफ पेपरवर ठेवलेली पानाची चकती आणि तिच्यातून आरपार दिसणाऱ्या रेघा. फोटो छान येतो, प्रोजेक्ट रिपोर्टच्या पहिल्या पानावर लागतो. मग तीच चकती कॉन्फोकलखाली (लेझरने एकेक थर टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) जाते आणि साठ-सत्तर मायक्रॉनच्या खाली सगळं धुरकट दिसतं. डोळ्यांना पारदर्शक दिसणं वेगळं आणि लेन्सला खोलवर स्पष्ट दिसणं वेगळं. हा लेख दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

उदाहरणाला द्राक्षाचं पान घेतलंय, कारण सांगली जिल्ह्यात ते शोधत जावं लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ पट्ट्यात डाऊनीचा, म्हणजे केवडा रोगाचा, धसका असतोच. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट डाग, खालून पांढरी लव. हा रोग करणारा जीव म्हणजे प्लाझ्मोपारा व्हिटिकोला. तो पर्णरंध्रातून आत शिरतो आणि पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेतून पसरतो. भुरी या दुसऱ्या रोगाचं तसं नाही. ती पानाच्या पृष्ठभागावरच वाढते आणि फक्त बाह्यत्वचेच्या पेशीत शोषकांग घालते, त्यामुळे तिला बघायला क्लिअरिंगची फारशी गरज पडत नाही. डाऊनीला मात्र पानाच्या पोटात शिरल्याशिवाय गत्यंतर नाही. द्राक्षाचं पान साधारण दीडशे ते अडीचशे मायक्रॉन जाड असतं. आकडा किरकोळ वाटतो, पण ताज्या पानात त्याच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचतानाही नाकी नऊ येतात.

प्रकाश अडतो कुठे

वड्याच्या कागदावर तेलाचा डाग पडला की तेवढा भाग अर्धपारदर्शक होतो. तेलाने कागद विरघळत नाही, धाग्यांच्या मधली हवा जाते आणि धाग्यांशी जुळणारा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप) तिथे येतो. क्लिअरिंगचं नव्वद टक्के मर्म एवढंच आहे. हवेचा अपवर्तनांक १.००, पाण्याचा १.३३, पेशीद्रवाचा त्याहून थोडा वर, स्निग्ध पदार्थांचा १.४५ च्या आसपास, स्टार्चच्या कणांचा १.५३ च्या जवळ. प्रकाश एका अपवर्तनांकातून दुसऱ्यात जाताना दर वेळी वळतो. पानात असे लाखो सांधे असतात, म्हणून प्रकाश विखुरतो.

यातला सर्वांत मोठा फरक कुठला ते बघा: हवा आणि पाणी. पानाच्या स्पंजी थरात हवेच्या पोकळ्या भरलेल्या असतात, आणि डाऊनीचे तंतू नेमके तिथेच असतात. म्हणून महागडं क्लिअरिंग द्रावण घेण्याआधी पानातली हवा काढणं हे पहिलं काम. ही पायरी नीट झाली नाही, तर पुढचं सगळं पाण्यात.

विखुरण्याशिवाय आणखी दोन अडचणी असतात. एक, शोषण: हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश गिळतं. दुसरी, पानाची स्वतःची चमक: हरितद्रव्य ६८० नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकतं, लिग्निन आणि फिनॉलिक द्रव्यं अतिनील प्रकाशात निळी-हिरवी चमकतात. द्राक्षाच्या पानात फिनॉलिक द्रव्यं भरपूर असतात, आणि पान तपकिरी पडलं की ही चमक डोकेदुखी होते.

वाट आधी ठरवा

प्रयोगाचा प्रश्न काय आहे त्यावर पद्धत ठरते. उलटं करू नका. यूट्यूबवर उंदराचा मेंदू काचेसारखा झालेला बघून तीच पद्धत पानावर चालवणारे बरेच भेटतात.

फक्त डाऊनीचे तंतू पानात कुठवर गेलेत एवढंच बघायचं असेल, तर पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि अ‍ॅनिलिन ब्लू ही जुनी जोडी पुरेशी आहे. स्वस्त, दिवसाभरात होणारी. हिच्यात प्रथिनं मात्र शाबूत राहत नाहीत.

पानात जीएफपीसारखं फ्लुरोसंट प्रथिन असेल, किंवा पेशींची रचना, शिरा, लिग्निन यांचा त्रिमितीय नकाशा हवा असेल, तर क्लिअरसी. हे द्रावण जपानमध्ये नागोयाच्या कुरिहारा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये वनस्पतींसाठीच बनवलं. त्यात झायलिटॉल, सोडियम डीऑक्सिकोलेट आणि युरिया एवढ्याच तीन गोष्टी. हरितद्रव्य निघून जातं, प्रथिनाची चमक टिकते. माझ्या मते वनस्पतीवर काम करणाऱ्या छोट्या लॅबने सुरुवात इथूनच करावी. लेखाचा मोठा भाग म्हणूनच याच्यावर आहे.

तिसरी वाट म्हणजे सेंद्रिय द्रावकांची: आधी अल्कोहोलने पाणी काढायचं आणि मग इथाइल सिनॅमेटसारख्या जास्त अपवर्तनांकाच्या द्रवात बुडवायचं. प्राण्यांच्या जाड ऊतकाला ही चांगली. तिच्याबद्दल शेवटी थोडं लिहिलंय.

नमुना घेताना

बोर्डो मिश्रणाचा निळसर थर असलेलं पान घेऊ नका. चुन्याचे कण प्रकाश परतवतात आणि तांबं रंगांची चमक दाबतं. बागायतदाराला विचारून फवारणी न झालेल्या किंवा जुन्या फवारणीनंतर आलेल्या कोवळ्या फुटीचं पान घ्या. पूर्ण पिवळा पडलेला डाग घेण्यापेक्षा डागाची कड घ्या: अर्धी चकती डागात, अर्धी निरोगी भागात. एकाच चकतीत तुलना मिळते, आणि रोगाची पुढे सरकणारी हद्दही तिथेच असते.

कॉर्क बोररने ५ मिलिमीटरच्या चकत्या पाडा. मोठी चकती फोटोत बरी दिसते, पण तिच्यात द्रव शिरण्याच्या वाटा कमी. चकतीची कापलेली कड हीच मुख्य वाट असते, कारण मेणचट बाह्यत्वचा काही सहजी आत येऊ देत नाही. मुख्य शीर टाळा. कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूची लव हवेचे बुडबुडे धरून ठेवते. फिक्सेटिव्हमध्ये (पेशी आहे तशा टिकवणाऱ्या द्रावणात) ट्वीन-२० या साबणासारख्या द्रव्याचं प्रमाण ०.०५ टक्के ठेवलं तर ते सुटतात.

त्याच पानाच्या निरोगी भागातल्या चकत्या कंट्रोल म्हणून वेगळ्या ठेवा. त्यातल्या काहींना पुढे एकही रंग लावायचा नाही. पानाची स्वतःची चमक किती हे याच चकत्या सांगतात, आणि नेमक्या त्याच न ठेवल्यामुळे पुढे सगळे अडतात.

फिक्सेशन आणि व्हॅक्यूम

फॉस्फेट बफरमध्ये ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड ताजं बनवा. साठ अंशांच्या आसपास, सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकत विरघळवा, गार करा, पीएच ७.४ वर आणा. हे सगळं फ्यूम हूडमध्येच.

आता चकत्या द्रावणात टाकून डेसिकेटरमध्ये ठेवा आणि व्हॅक्यूम पंप हळूहळू चालू करा. कडांमधून आणि खालच्या बाजूने बारीक बुडबुड्यांच्या माळा निघायला लागतील. पाचेक मिनिटं तसंच ठेवा. खरी गंमत व्हॅक्यूम सोडताना होते. हवा आत घेण्याचा कॉक अगदी सावकाश फिरवा. त्या क्षणी बाहेरच्या दाबाने द्रव पोकळ्यांत ढकलला जातो. फिकट हिरवी चकती बघता बघता गडद, ओलसर हिरवी होते आणि तळाला जाते. कॉक एकदम उघडलात तर पेशी फाटतात आणि द्रव सगळीकडे पोचतही नाही. जी चकती तरंगतेय तिच्यात हवा आहे. तिला पुन्हा व्हॅक्यूम. दोन-तीन फेऱ्यांनंतरही तरंगत राहिली, तर टाकून द्या, तिच्यावर पुढचा आठवडा घालवू नका. पंपाची हवा बाहेर सोडणारी नळीही हूडमध्येच असू द्या, नाहीतर फॉर्मल्डिहाइडची वाफ खोलीभर होते.

सगळ्या चकत्या तळाला गेल्यावर फिक्सेशन एक ते दोन तास. रात्रभर ठेवायची सवय मोडा. जास्त फिक्सेशनने पानाची स्वतःची चमक वाढते. मग फॉस्फेट बफरने दोन-तीनदा धुवा. वापरलेलं फिक्सेटिव्ह सिंकमध्ये नको, झाकणाच्या बाटलीत साठवून घातक कचऱ्यात द्या.

क्लिअरसी बनवताना

शंभर मिलिलिटरसाठी झायलिटॉल १० ग्रॅम, सोडियम डीऑक्सिकोलेट १५ ग्रॅम, युरिया २५ ग्रॅम. सुरुवातीला पाणी ५० मिलिलिटरच घ्या; एवढे घन पदार्थ विरघळले की पातळी बरीच वर येते, आणि आधीच शंभर घेतलंत तर सव्वाशेच्या पुढे जाल. सगळं विरघळल्यावर शंभरपर्यंत भरा.

युरिया टाकला की बीकर हाताला गार लागतो, कारण तो विरघळताना उष्णता शोषतो. त्यामुळे विरघळणं मंदावतं आणि हात आपोआप हॉट प्लेटकडे जातो. कोमट ठीक, उकळू मात्र नका. तापवलेल्या युरियातून सायनेट तयार होतं आणि ते प्रथिनांना चिकटतं. मॅग्नेटिक स्टररवर शांतपणे तासभर फिरू द्या. जोरात फिरवलंत तर डीऑक्सिकोलेटचा फेस होतो आणि मग शंभरची खूण दिसत नाही. डीऑक्सिकोलेटची पूड फार हलकी असते, नाकाला झोंबते. वजन करताना मास्क घाला आणि पंखा बंद करा.

युरिया लॅब ग्रेडचाच घ्या. हे सांगायची वेळ येते, कारण आपल्याकडे दर दुसऱ्या घरात खताचं पोतं असतं. २०१५ पासून देशात खताच्या युरियाला निंबोळी तेलाचं आवरण असतं, आणि ते तेल पानाच्या चकतीत कुणालाच नकोय.

द्राक्षासाठी या द्रावणात सोडियम सल्फाइट जरूर घाला: ५० मिलिमोलर, म्हणजे शंभर मिलिलिटरला ०.६३ ग्रॅम. कुरिहारा यांच्याच गटाने २०२१ मध्ये ही सुधारणा केली. फिनॉलिक द्रव्यांचं ऑक्सिडेशन होऊन ऊतक तपकिरी पडतं, ते याने थांबतं. अरॅबिडॉप्सिस या लॅबमधल्या नेहमीच्या रोपाच्या नाजूक पानाला ते नसलं तरी चालून जातं. द्राक्षाच्या पानाला नाही.

आणि एक पथ्य: या द्रावणाजवळ आम्ल येऊ देऊ नका. पीएच उतरला की डीऑक्सिकोलेट जेलीसारखं थिजतं. आम्लधर्मी रंगातून काढलेली चकती न धुता यात टाकलीत, तर तिच्याभोवती ढगाळ साय धरते. लोकांना वाटतं क्लिअरिंग बिघडलं.

चकत्या २ मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये, अंधारात, खोलीच्या तापमानाला ठेवा. फ्रीजमध्ये नको, युरियाचे खडे होण्याची शक्यता असते आणि काम मंदावतं. दुसऱ्या दिवशी द्रावण हिरवं झालेलं दिसेल. ओता, नवीन घाला. असं करत राहा. किती दिवस, याचं माझं उत्तर दिवसांत नाही: नवीन घातलेलं द्रावण २४ तासांनंतरही बिनरंगी राहिलं की हरितद्रव्य निघालं. कोवळ्या पानाला चारेक दिवस, जून पानाला आठवडा किंवा जास्त. पावसाळ्यात आणि मेमध्ये खोलीच्या तापमानातच दहा-बारा अंशांचा फरक पडतो, त्यामुळे कुणाच्या तरी पेपरमधले ‘चार दिवस’ आपल्याकडे तंतोतंत लागू होतीलच असं नाही.

ब्रिक्स मीटरचा उपयोग

अपवर्तनांक मोजायला अ‍ॅबे रिफ्रॅक्टोमीटर लागतो आणि तो बहुतेक कॉलेजांच्या फिजिक्स किंवा केमिस्ट्री विभागात कपाटात असतो. नसेल तर ब्रिक्स मीटर बघा. बागेत घडाची गोडी बघायला वापरतात ते यंत्र मुळात अपवर्तनांकच मोजतं, फक्त पट्टी साखरेच्या टक्क्यांत असते. मात्र बागेतला मीटर ० ते ३२ चा असतो, आणि ३२ ब्रिक्स म्हणजे अपवर्तनांक जेमतेम १.३८५. क्लिअरसीचा आहे १.४१ च्या आसपास, म्हणजे ब्रिक्सच्या पट्टीवर ४५ च्या जवळ. त्यासाठी ० ते ८० चा मीटर लागतो. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काकवी-पाकासाठी जास्त ब्रिक्सची यंत्रं असतात, आणि आपल्या भागात कारखाना कधी फार लांब नसतो. रूपांतरासाठी हे ठोकताळे पुरतात: ३० ब्रिक्स म्हणजे १.३८१, ४५ म्हणजे १.४१०, ६० म्हणजे १.४४२, ७० म्हणजे १.४६५, ८० म्हणजे १.४९०.

हे कशाला मोजायचं? बाष्पीभवनासाठी. उन्हाळ्यात ट्यूबचं झाकण सैल राहिलं तर द्रावण घट्ट होतं, अपवर्तनांक चढतो, आणि तुमच्या दोन चकत्या नकळत दोन वेगळ्या द्रवांत असतात. शेवटचं द्रावण बदलताना एक थेंब काचेवर टाकून वाचन लिहून ठेवा. दुसरा उपयोग माउंटिंगच्या, म्हणजे चकती काचपट्टीवर बसवण्याच्या, वेळी: चकती ज्या द्रवात क्लिअर झाली त्याच द्रवात माउंट करा. ८० टक्के ग्लिसरॉलमध्ये हलवायची असेल, तर त्याचा अपवर्तनांक १.४४, आणि चकतीला नव्या द्रवात रात्रभर मुरू द्यावं लागतं. घाईने हलवलेली चकती कडेला स्वच्छ आणि मध्ये धुरकट दिसते.

किती क्लिअर केलं म्हणजे पुरे

इथे बहुतेकांची गाडी घसरते. चकती ग्राफ पेपरवर ठेवून रेघा दिसल्या की काम झालं असं मानतात, किंवा अजून पारदर्शक होईल म्हणून महिनाभर ठेवतात. ग्राफ पेपर वापराच, पण दुसऱ्याच कामासाठी: फिक्सेशननंतर आणि क्लिअरिंगनंतर चकतीचा व्यास मोजायला. ५ मिलिमीटरची चकती फुगून साडेपाच झाली असेल, तर व्यासात १० टक्के वाढ, म्हणजे क्षेत्रफळात २१ टक्के. पेशींची मापं देणार असाल तर हा आकडा रिपोर्टमध्ये आलाच पाहिजे.

खोलीची चाचणी कॉन्फोकलवरच होते. पानात वरपासून खालपर्यंत असलेली एखादी रचना निवडा. लिग्निनचा रंग दिलेल्या शिरांतल्या जलवाहिन्या यासाठी उत्तम, कारण लहान-मोठ्या शिरा वेगवेगळ्या खोलीवर सापडतात आणि त्यांची भिंत ठळक असते. लेझरची तीव्रता आणि डिटेक्टरचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) एकदा ठरवा आणि मग हात लावू नका. २०, ६०, १०० आणि १४० मायक्रॉनवर भिंतीची चमक आणि लगतच्या रिकाम्या जागेची चमक मोजा. पहिलीला दुसरीने भागा. हे गुणोत्तर वरच्या थराच्या तुलनेत ज्या खोलीवर निम्मं होतं, ती तुमची कामाची खोली. पारदर्शकतेचे फोटो बाजूला ठेवा, वेगवेगळ्या पद्धतींची तुलना या एका आकड्यावर करा.

मग एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी वेळ: एकाच पानाच्या चकत्या दोन, चार, सात आणि दहा दिवसांनी काढा. वेळ बसली की फिक्सेशनचा काळ, मग सल्फाइट घालून आणि न घालता, मग द्रावण रोज बदलून आणि दिवसाआड बदलून. प्रत्येक बदलाला वेगळ्या वेलींच्या पानांवर निदान तीनदा करून बघा. वेगवेगळ्या पानांत नैसर्गिक फरकच इतका असतो की एका चकतीवरून काढलेला निष्कर्ष म्हणजे नुसता अंदाज. वेळेचा आलेख काढलात तर सहसा दिसतं की कामाची खोली आधी झपाट्याने वाढते, मग सपाट होते. सपाटी लागली की थांबा. त्यापुढे डीऑक्सिकोलेट पडद्यांमधले स्निग्ध पदार्थ काढत राहतं, पान लिबलिबीत होतं, हाती काही लागत नाही. प्रथिनाची चमक मात्र क्लिअरसीत महिनोन्महिने टिकते, त्यामुळे कॉन्फोकलची तारीख पुढे गेली म्हणून घाबरायचं कारण नाही.

काही गोष्टी कधीच जात नाहीत. द्राक्षाच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, पेशीत जुडग्याने. त्या कुठल्याही क्लिअरिंगने हटत नाहीत आणि त्यांच्या खाली सावली पडते. ती जागा सोडा, शेजारी जा.

रंग

क्लिअरसीत चालणारे रंग स्वस्त आहेत, हा या पद्धतीचा आणखी एक फायदा. पेशीभित्तीसाठी कॅल्कोफ्लुअर व्हाइट ०.१ टक्के, लिग्निनसाठी बेसिक फुक्सिन ०.२ टक्के, दोन्ही थेट क्लिअरसीतच विरघळवून. बेसिक फुक्सिनमध्ये चकती रात्रभर ठेवा, मग साध्या क्लिअरसीने अर्धा तास धुवा आणि पुन्हा रात्रभर नव्या क्लिअरसीत. धुण्यात कंजुषी केलीत तर मागची सगळी जमीन गुलाबी चमकते. कॅल्कोफ्लुअरसाठी ४०५ नॅनोमीटरचा लेझर, फुक्सिनसाठी ५६१, नसेल तर ५४३ चालतो.

मात्र लक्षात घ्या, प्लाझ्मोपारा ही खरी बुरशी नाही, ऊमायसीट (बुरशीसारखा दिसणारा वेगळ्या कुळातला जीव) आहे. तिच्या भिंतीत सेल्युलोज असतं, द्राक्षाच्या पेशीभित्तीतही असतं. कॅल्कोफ्लुअर दोघांनाही सारखंच रंगवणार. तंतू ओळखायचा तो आकारावरून: पेशींच्या मधून वळत जाणारी, मध्येच फुगलेली नळी. नुसता रंग बघून ‘इथे रोग आहे’ म्हणू नका.

म्हणूनच रोग बघायला पोटॅश आणि अ‍ॅनिलिन ब्लू. १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये चकत्या काचेच्या स्क्रू-कॅप बाटलीत, झाकण थोडं सैल, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर १५ मिनिटं. शुद्ध पदार्थाचे शंभर मिलिलिटरला ५.६ ग्रॅम लागतात, पण बाटलीतल्या गोळ्या साधारण ८५ टक्केच शुद्ध असतात, म्हणून ६.६ ग्रॅम घ्या. पावसाळ्यात गोळ्या तराजूवरच पाणी धरतात, तेव्हा झटपट वजन करा. ऑटोक्लेव्ह नाही म्हणून स्वयंपाकघरातला कुकर वापरायची कल्पना कुणाच्या तरी डोक्यात येतेच. नको. पोटॅश अ‍ॅल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन सोडतं. त्यापेक्षा काचेच्या बाटलीत, उकळत्या पाण्याच्या वॉटर बाथवर जास्त वेळ ठेवा.

यातून निघालेली चकती चिमट्याने उचलायच्या लायकीची राहत नाही. पेट्री डिशमध्ये पाण्यावर तरंगवा, खालून काचपट्टी घाला आणि अलगद वर घ्या. पाण्याने तीनदा धुवून मग रंग द्या: अ‍ॅनिलिन ब्लू ०.०५ टक्के, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेटच्या ०.०६७ मोलर द्रावणात, पीएच ९. याच द्रावणाच्या थेंबात माउंट करा. पीएच खाली घसरला तर चमक जाते, तेव्हा नेहमीच्या आम्लधर्मी लॅक्टोफिनॉलमध्ये माउंट करू नका. अतिनील किंवा ४०५ लेझरखाली तंतू निळसर-पिवळे उजळतात आणि पानाच्या आरपार त्यांचा माग काढता येतो. वेलीने स्वतः घातलेलं कॅलोज हे भित्तीतलं द्रव्यही याच रंगाने चमकतं: शिरांतल्या चाळणपट्ट्या, जखमेच्या कडा. निरोगी कंट्रोल चकती शेजारी असली की दोन्हींतला फरक लगेच कळतो.

ऊस, हळद आणि प्राण्यांचं ऊतक

उसाचं पान क्लिअर करायला गेलात तर आधीच सांगतो, ते चिवट आहे. सिलिका, जाड मेण, भरपूर लिग्निन. अख्ख्या चकतीचा नाद सोडा. गाजराच्या तुकड्यात पान किंवा मूळ धरून ब्लेडने दीडशे-दोनशे मायक्रॉनचे काप घ्या आणि ते क्लिअर करा. बी.एस्सी.ला शिकलेलं हे कसब इथे हजारांच्या उपकरणाची जागा घेतं.

हळदीच्या कंदाला दोन अडचणी आहेत. कर्क्युमिन निळ्या प्रकाशात स्वतःच हिरवं-पिवळं चमकतं. ते अल्कोहोलने धुऊन काढावं लागतं. आणि पेशी स्टार्चने गच्च भरलेल्या. स्टार्चचा अपवर्तनांक १.५३ च्या जवळ, क्लिअरसीचा १.४१, जुळणार कसे? अमायलेजने स्टार्च काढा, नाहीतर इथाइल सिनॅमेटकडे वळा.

इथाइल सिनॅमेटचा अपवर्तनांक १.५५८. दालचिनीसारखा वास, खाद्यपदार्थात चव म्हणून वापरायला परवानगी असलेला पदार्थ. प्राण्यांच्या ऊतकासाठी मी हाच सुचवेन. पाणी टप्प्याटप्प्याने काढायचं: ३०, ५०, ७० आणि दोनदा १०० टक्के अल्कोहोल, जीएफपी टिकवायचं असेल तर पीएच ९ च्या आसपास ठेवून. शुद्ध इथेनॉलला आपल्याकडे उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. तो नसेल तर १-प्रोपेनॉलने हे टप्पे करता येतात, तशी पद्धत २०१९ पासून प्रसिद्ध आहे. पाण्याचा अंश राहिला की ऊतक दुधी दिसतं. मग मागे जाऊन १०० टक्क्यांचा टप्पा पुन्हा करावा लागतो. या द्रवाची बाटली फ्रीजमध्ये ठेवू नका, सहा-आठ अंशांखाली तो गोठतो. पॉलिस्टायरिनची पेट्री डिश तो विरघळवतो. काच किंवा पॉलिप्रॉपिलीन वापरा.

जुन्या पेपरमध्ये डायक्लोरोमिथेन आणि डायबेन्झिल इथर दिसेल. पहिल्याचा उत्कलनबिंदू ३९.६ अंश. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा एसी नसलेल्या लॅबमध्ये ही बाटली उघडायचा विचारही करू नका. दुसऱ्यात साठवणुकीत पेरॉक्साइड तयार होतात आणि ते जीएफपीची चमक मारतात. लाइपझिगच्या स्पाल्टेहोल्झने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अख्खे अवयव पारदर्शक केले ते मिथाइल सॅलिसिलेट आणि बेन्झिल बेन्झोएटने. पहिल्याचा वास तुमच्या ओळखीचा आहे, पाठदुखीच्या मलमाचा. उंदीर किंवा घुशीवर काम करायचं तर संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी आधी, ऊतक नंतर. आणि रक्त नीट धुतलेलं असावं, हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश गिळतं.

कॉन्फोकलच्या दिवशी

कॉन्फोकल बहुधा आपल्या कॉलेजात नसतो; वेळ घेऊन कोल्हापूर किंवा पुण्याच्या सामाईक केंद्रात जावं लागतं. चकत्या ट्यूबमध्येच न्या, पॅराफिल्म लावून, काळ्या कागदात गुंडाळून. माउंट करून नेलेल्या पट्ट्या एसटीत हमखास गळतात.

माउंट करताना काचपट्टीवर इन्सुलेशन टेपची चौकट करा. एक थर साधारण सव्वाशे मायक्रॉनचा असतो, द्राक्षाच्या पानाला दोन थर पुरतात. चौकट नसेल तर कव्हरस्लिपच्या वजनाने आणि पृष्ठताणाने पान दाबलं जातं. कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटरची, म्हणजे दीड नंबरची. पाकिटावर बघून घ्या, दुकानात सहसा एक नंबरची देतात. इथाइल सिनॅमेटला ही टेप चालत नाही, तिचा गोंद सुटतो.

लेन्स निवडताना मोठ्या आकड्यावर भाळू नका. ६० किंवा ६३ एक्सच्या ऑइल लेन्सचं वर्किंग डिस्टन्स बहुधा दीड-दोनशे मायक्रॉनच्या आत असतं. पानाच्या तळाशी पोचण्याआधी ती कव्हरस्लिपला टेकते. शिवाय तेलाचा अपवर्तनांक १.५१८ आणि चकतीचा १.४१, त्यामुळे खोल जाताना प्रतिमा पसरत जाते. ग्लिसरॉल किंवा मल्टि-इमर्शन लेन्स असेल तर उत्तम. नसेल तर २० एक्स. करेक्शन कॉलर (जुळवणीची कडी) असलेली लेन्स मिळाली तर ती वरच्या थरावर नका जुळवू, तुम्हाला ज्या खोलीचं चित्र हवंय तिथे जाऊन जुळवा.

आधी कंट्रोल चकती लावा, बिनरंगाची. तिच्यावर गेन ठरवा, मग रंगवलेली. चॅनेल एकाच वेळी चालवू नका, एकामागून एक घ्या, नाहीतर फुक्सिनची चमक दुसऱ्या चॅनेलमध्ये झिरपते. खोल जाताना लेझर वाढवणारी सोय सॉफ्टवेअरमध्ये असते; चित्रांसाठी वापरा, मोजमापांसाठी बंद ठेवा.

कोरड्या लेन्सने स्टॅक (थराथराने घेतलेल्या चित्रांचा संच) घेतलात तर खोलीचा आकडा जसाच्या तसा लिहू नका. स्टेज १०० मायक्रॉन सरकला की १.४१ च्या द्रवात फोकस निदान १४१ मायक्रॉन सरकलेला असतो. न सुधारलेल्या स्टॅकमध्ये पान चपटं दिसतं, गोल पेशी लंबगोल होतात, आणि तंतू पानाच्या अर्ध्यातच थांबलाय असा चुकीचा निष्कर्ष निघतो. खातरजमा सोपी आहे: ताज्या पानाचा हाताने उभा काप घेऊन त्याची जाडी मोजा, क्लिअरिंगमधली फुगवट धरा, आणि स्टॅकमधली जाडी तिच्याशी ताडून बघा. लेन्स, द्रव आणि वापरलेला गुणक फाईलच्या नावातच लिहा, आणि केंद्रातून निघण्याआधी जेपीईजी नव्हे, तर यंत्राची मूळ फाईल पेनड्राइव्हवर उतरली आहे का ते उघडून बघा.